अर्जुनाची साल, गुग्गुळ, इसबगोल: हृदयरोगात वनस्पतींची मदत किती आणि कुठवर

अँजिओप्लास्टी होऊन माणूस घरी आला की भेटायला येणाऱ्या प्रत्येकाकडे एक उपाय असतो. कुणी अर्जुनाच्या सालीचा काढा सांगतं, कुणी उपाशीपोटी दुधीचा रस, तर कुणी मोबाइलवर आलेली आलं-लसूण-लिंबू-व्हिनेगरची 'ब्लॉकेज उघडणारी' कृती वाचून दाखवतं. सांगणाऱ्यांच्या मनात काळजीच असते. रुग्णही धास्तावलेला असतो. हातात पाच-सहा गोळ्यांची चिठ्ठी असते आणि त्यातल्या बहुतेक आयुष्यभर घ्यायच्या असतात. अशा वेळी 'झाडपाल्याचं आहे, त्याने काय अपाय होणार?' या वाक्याने मोठा धीर येतो.

पण झाडपाल्याने अपाय होऊ शकतो. आणि झाडपाल्याने गुणही येऊ शकतो, कारण हृदयरोगावरची काही उत्तम औषधं झाडांतूनच आली आहेत. दोन्हीचं कारण एकच आहे. झाड जागचं हलू शकत नाही. किडे, बुरशी आणि चरणारी जनावरं यांच्यापासून वाचायला त्याच्याकडे रसायनंच असतात. त्यातली काही आपल्या पेशींवरही जोरात काम करतात. त्यामुळे एखादी वनस्पती हृदयाला चांगली की वाईट, असं विचारून फारसं हाती लागत नाही. तिच्यात कोणतं द्रव्य आहे, किती आहे, ते शरीरात काय करतं आणि माणसांवर तपासून पाहिल्यावर काय दिसलं, हे चार प्रश्न विचारावे लागतात.

या चारही प्रश्नांची उत्तरं जिच्याबाबत सर्वांत नीट मिळाली आहेत ती वनस्पती इंग्लंडातली आहे. तिचं नाव फॉक्सग्लव्ह, शास्त्रीय नाव डिजिटालिस. जांभळ्या घंटेसारख्या फुलांचे तुरे येणारं हे रानटी झुडूप. १७७५ मध्ये विल्यम विदरिंग नावाच्या डॉक्टरांना श्रॉपशायर भागातल्या एका वृद्ध बाईच्या घराण्यातल्या औषधाबद्दल विचारणा झाली. पायांवर, पोटात, सर्वांगावर सूज चढलेल्या रोग्यांना ती वीसेक वनस्पतींचं मिश्रण देई आणि डॉक्टरांनी हात टेकलेले काही रोगी त्याने बरे होत. या गर्दीत खरं काम फॉक्सग्लव्ह करतोय, हे विदरिंग यांच्या लक्षात आलं. पुढची दहा वर्षं त्यांनी दीडशेहून अधिक रुग्णांच्या नोंदी ठेवल्या आणि १७८५ मध्ये त्या पुस्तकरूपात छापल्या.

मला विदरिंग यांचं सर्वांत मोठं काम वाटतं ते मात्रेचं. पानं कधी तोडायची, कशी सुकवायची, पूड किती द्यायची आणि कुठे थांबायचं, हे त्यांनी लिहून ठेवलं. मात्रा वाढली की उलट्या होतात, नाडी फार मंद होते, नजरेला सगळं हिरवं-पिवळं दिसू लागतं, हेही लिहिलं. ज्यांना गुण आला नाही त्यांच्या नोंदीही लपवल्या नाहीत. त्या बाईच्या मिश्रणाचं औषध झालं ते या नोंदींमुळे.

१९३० मध्ये सिडनी स्मिथ यांनी याच कुळातल्या दुसऱ्या एका वनस्पतीतून डिगॉक्सिन हे द्रव्य वेगळं केलं. आजही ते शेतात लावलेल्या झाडांच्या पानांतूनच काढलं जातं. हृदयाच्या प्रत्येक स्नायुपेशीच्या भिंतीत एक छोटा पंप असतो. तो सोडियम बाहेर टाकतो आणि पोटॅशियम आत घेतो. डिगॉक्सिन हा पंप काही प्रमाणात अडवतं. मग पेशीत सोडियम साचतं, त्यामुळे कॅल्शियम बाहेर टाकणंही मंदावतं, आणि कॅल्शियम जास्त असलं की स्नायू जोराने आकुंचन पावतो. शिवाय हे औषध ठोक्यांची गती मंदावतं. म्हणून अनियमित आणि वेगाने धडधडणाऱ्या हृदयात त्याचा उपयोग होतो.

अडचण अशी, की हाच पंप जास्त अडला तर हृदयाची लय बिघडते आणि माणूस दगावू शकतो. औषधाची पातळी आणि विषाची पातळी यांत अंतर फार थोडं आहे. म्हणून डॉक्टर गरज पडेल तशी रक्तातली डिगॉक्सिनची पातळी, मूत्रपिंडाचं काम आणि पोटॅशियम तपासतात. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत हृदय कमकुवत झालेल्या ६,८०० रुग्णांवर हे औषध पाहिलं गेलं. रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण घटलं, मृत्यूचं प्रमाण मात्र तेवढंच राहिलं. त्यामुळे आज डिगॉक्सिन सरसकट दिलं जात नाही. निवडक रुग्णांना, इतर औषधांच्या जोडीला आणि अगदी छोट्या मात्रेत ते दिलं जातं.

फॉक्सग्लव्ह मूळचा आपल्याकडचा नाही, पण त्याच जातीची द्रव्यं आपल्या अंगणात आहेत. पिवळी कण्हेर, जिच्या फळांना बिट्टी म्हणतात, आणि लाल-पांढरी कण्हेर, दोन्हींत हृदयावर तसाच परिणाम करणारी द्रव्यं असतात. श्रीलंकेत आणि दक्षिण भारतात पिवळ्या कण्हेरीच्या बियांनी होणारी विषबाधा डॉक्टरांच्या रोजच्या कामाचा भाग आहे. त्या झाडाचा कोणताही भाग घरगुती औषध म्हणून पोटात घेऊ नये, आणि लहान मुलांनी बी चावली तर लगेच रुग्णालय गाठावं.

मुंबईशी जोडलेली कहाणी आहे ती सर्पगंधेची. मनाच्या अस्वस्थतेवर ही मुळी देण्याची पद्धत आपल्याकडे जुनी. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वाढलेल्या रक्तदाबावरच्या तिच्या उपयोगाबद्दल लिहिलं. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी तिच्यातली काही द्रव्यं वेगळी केली आणि हकीम अजमल खान यांच्या नावावरून एकाला अजमलीन म्हटलं. हे अजमलीन आजही ब्रुगाडा सिंड्रोम नावाचा हृदयाच्या लयीचा छुपा आनुवंशिक दोष उघड करण्याच्या तपासणीत वापरतात. तरी जगाचं लक्ष वेधलं गेलं ते मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांच्यामुळे. १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये त्यांनी सर्पगंधेवरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. तीन वर्षांत स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत तिच्यातलं मुख्य द्रव्य, रिसर्पिन, वेगळं झालं.

मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरअ‍ॅड्रेनलिन नावाच्या निरोप पोचवणाऱ्या द्रव्याचा साठा असतो आणि तो सुटला की रक्तवाहिन्या आवळतात. रिसर्पिन हा साठा रिकामा करतं, म्हणून दाब उतरतो. वाढलेल्या रक्तदाबावर उपचार केल्याने पक्षाघात आणि मृत्यू टळतात, हे अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या ज्या चाचणीने १९६७ मध्ये ठामपणे दाखवलं, तिथे दिलेल्या तीन औषधांपैकी एक रिसर्पिन होतं. आपल्या मातीतल्या मुळीचा जगभरच्या रुग्णांना झालेला हा उपयोग मला फार मोलाचा वाटतो. पण ते मेंदूतलेही साठे रिकामे करतं. जास्त मात्रेत सुस्ती, उदासी येते. पुढे अधिक सुरक्षित औषधं आली आणि रिसर्पिन मागे पडलं. सर्पगंधेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, याचं कारण हेच.

आता अर्जुनाकडे येऊ. नदीकाठी वाढणारा, गुळगुळीत फिकट खोडाचा हा मोठा वृक्ष. काही भागांत त्याला अर्जुनसादडा म्हणतात. हिरडा, बेहडा आणि ऐन हे त्याचे जवळचे भाऊबंद. हृदयासाठी त्याच्या सालीचा उल्लेख वाग्भटाच्या ग्रंथात आहे, आणि दुधात साल उकळून करायचा क्षीरपाक वैद्यमंडळी आजही सांगतात. सालीत अर्जुनोलिक आम्लासारखी ट्रायटर्पिन द्रव्यं, फ्लॅव्होनॉइड आणि भरपूर टॅनिन असतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत या अर्काने हृदयाच्या स्नायूची होणारी झीज कमी झालेली दिसली.

माणसांवर काय दिसलं? १९९५ मध्ये इंदूरच्या डॉक्टरांनी इतर औषधांना दाद न देणाऱ्या १२ गंभीर रुग्णांना सालीचा अर्क ५०० मिलिग्रॅम दर आठ तासांनी दिला. त्यांची लक्षणं आणि हृदयाचं काम सुधारलेलं दिसलं. आशा वाढवणारा अभ्यास होता, पण रुग्ण बाराच. मग दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी मोठी चाचणी केली, ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. कमकुवत हृदयाच्या १०० रुग्णांची नेहमीची औषधं चालू ठेवली. त्यांतल्या काहींना अर्जुनाचा अर्क आणि बाकीच्यांना तशीच दिसणारी औषधविरहित कॅप्सूल दिली. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि डॉक्टरांनाही. बारा आठवड्यांनी पाहिलं, तर हृदय प्रत्येक ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर टाकतं, म्हणजे इकोच्या रिपोर्टवर 'ईएफ' म्हणून लिहिलेला आकडा, तो अर्जुनाने वाढला नव्हता. काही रुग्णांची चालण्या-वावरण्याची क्षमता आणि लक्षणांचा त्रास यांत थोडी सुधारणा होती.

एवढ्यावरून अर्जुन निरुपयोगी ठरत नाही. बारा आठवडे हा थोडा काळ आहे. पण अर्जुनाने हृदयविकाराचे झटके किंवा मृत्यू कमी होतात, असं दाखवणारी मोठी चाचणी झालेली नाही. ज्याला काढा घ्यायचाच आहे त्याने तो डॉक्टरांना सांगून, चालू गोळ्यांच्या जोडीला घ्यावा. काढ्याच्या भरवशावर बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणारी गोळी, किंवा रक्त पातळ ठेवणारी गोळी बंद करणं जिवावर बेतू शकतं. स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, बसवल्यावर पहिल्या काही महिन्यांत रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मनाने थांबवल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते आणि पुन्हा झटका येऊ शकतो.

गुग्गुळाची गोष्ट याहून डोळे उघडणारी आहे. सुश्रुताने मेदोरोगावर सांगितलेल्या या डिंकावर १९६६ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी संशोधन केलं. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत काम झालं आणि १९८७ मध्ये गुग्गुलिपिड हे कोलेस्टेरॉलचं औषध भारतात बाजारात आलं. भारतीय अभ्यासांत कोलेस्टेरॉल घटलेलं दिसलं होतं. गुग्गुलस्टेरोन हे त्यातलं द्रव्य यकृतातल्या कोणत्या ग्राहकावर, म्हणजे द्रव्य ज्याला चिकटतं त्या प्रथिनावर, काम करतं, हेही सापडलं. सगळं जुळून येत होतं. मग २००३ मध्ये अमेरिकेत वाढलेल्या कोलेस्टेरॉलच्या १०३ लोकांवर काटेकोर चाचणी झाली. आठ आठवड्यांनी औषधविरहित गोळी घेणाऱ्यांचं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, ५ टक्के उतरलं होतं आणि गुग्गुळ घेणाऱ्यांचं ४ ते ५ टक्के चढलं होतं. काहींच्या अंगावर पुरळही उठलं. तिथल्या लोकांचा आहार वेगळा, शरीरप्रकृती वेगळी, असं म्हणता येईल. पण ग्रंथातला उल्लेख, प्रयोगशाळेतलं स्पष्टीकरण आणि छोटे अभ्यास हे तिन्ही बाजूने असूनही मोठ्या चाचणीत निकाल उलटा येऊ शकतो, हे विसरून चालणार नाही. आणखी एक वाईट वाटण्यासारखी गोष्ट म्हणजे डिंकासाठी खोडाला खोल जखमा करून करून राजस्थान, गुजरातमधलं गुग्गुळाचं झाडच नामशेष होण्याच्या काठावर आलं आहे.

याउलट ज्याचा फारसा गाजावाजा नाही ते इसबगोल कोलेस्टेरॉलवर खरंच काम करतं. त्याचा भुसा आतड्यात बुळबुळीत होतो आणि पित्तातल्या आम्लांना धरून बाहेर नेतो. यकृताला नवी पित्ताम्लं बनवावी लागतात, त्यासाठी ते रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. रोज साधारण १० ग्रॅम भुशाने एलडीएल ५ ते ७ टक्के उतरतं. भरपूर पाण्यासोबत घ्यावं आणि इतर गोळ्यांपासून दोन तास दूर ठेवावं, नाहीतर त्या गोळ्या नीट शोषल्या जात नाहीत. वनस्पतींत कोलेस्टेरॉलसारखेच दिसणारे स्टेरॉल असतात. ते रोज २ ग्रॅम पोटात गेले तर एलडीएल ८ ते १० टक्के घटतं, पण रोजच्या जेवणातून एवढे मिळत नाहीत. तुलनेसाठी सांगते, स्टॅटिनच्या गोळीने एलडीएल ३० ते ५० टक्के उतरतं आणि झटक्यांचं प्रमाण घटतं हेही लाखो रुग्णांवर दिसलेलं आहे. इसबगोल त्याच्या जोडीला घ्यावं. आधार म्हणून ते चांगलं आहे.

लसणाबद्दल थोडक्यात. वाढलेला रक्तदाब त्याने थोडा उतरू शकतो. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅनफर्डमध्ये १९२ लोकांना सहा महिने कच्चा लसूण आणि लसणाच्या गोळ्या देऊन पाहिलं, फरक पडला नाही. फोडणीतला लसूण निर्धास्त खावा. गोळ्या किंवा अर्क मात्र रक्त गोठण्यात अडथळा आणू शकतात, म्हणून शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना सांगावं.

'ब्लॉकेज' रसाने विरघळतं ही समजूत तर मुळातच चूक आहे. साठा नळीच्या आत तरंगत नसतो. तो रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराखाली, भिंतीतच असतो. चरबी, पेशी, तंतू आणि पुष्कळदा कॅल्शियम मिळून तो घट्ट झालेला असतो. प्यायलेला रस पोटात पचतो, तो त्या भिंतीपर्यंत विरघळवायला जात नाही. दुधीच्या रसाबाबत आणखी सावध राहायला हवं. दुधी कडू निघाला तर त्यात कुकरबिटॅसिन नावाची विषारी द्रव्यं असतात. त्याचा रस पिऊन रक्ताच्या उलट्या, रक्तदाब एकदम घसरणं आणि मृत्यूही झाले आहेत. या प्रकारांनंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली होती. आधी एक छोटा तुकडा चाखावा, किंचितही कडू लागला तर टाकून द्यावा. औषध कडूच असतं म्हणून गिळून टाकू नये.

सर्वांत दुर्लक्षित धोका आहे तो गोळ्या आणि वनस्पती यांच्या भांडणाचा. घशासाठी आपण ज्येष्ठमध सहज चघळतो. रोज जास्त प्रमाणात घेतल्यास त्यातलं ग्लिसरायझिन रक्तदाब वाढवतं आणि पोटॅशियम उतरवतं. ज्याला डिगॉक्सिन आणि लघवीवाटे पाणी काढणारी गोळी चालू आहे, त्याचं पोटॅशियम आधीच कमी झालेलं असू शकतं. तिथे ज्येष्ठमधाची भर पडली तर तेवढ्याच डिगॉक्सिनची विषबाधा होऊ शकते. ग्रेपफ्रूट आणि त्याच्या नात्यातलं पपनस आतड्यातलं औषधं मोडणारं एक विकर अडवतात. मग काही स्टॅटिन आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांची रक्तातली पातळी वाढते. ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे आणि वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे, त्यांच्यासाठी पालक, मेथी, शेपू, अळू यांतलं के जीवनसत्त्व महत्त्वाचं. भाज्या सोडायच्या नाहीत. एक आठवडा रोज पालक आणि पुढचे दोन आठवडे काहीच नाही, अशी उलथापालथ टाळायची.

वनस्पतीच्या तयार औषधातल्या मात्रेचाही प्रश्न आहे. एका रोपाची मिरची जाळ काढते आणि शेजारच्या रोपाची फिकी निघते, तसंच सालीतल्या आणि मुळीतल्या द्रव्यांचं प्रमाण झाड, ऋतू, जमीन यांप्रमाणे बदलतं. त्यातच भेसळ. अमेरिकेत बॉस्टनमध्ये विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांच्या २००४ मधल्या तपासणीत १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक आढळलं होतं. घटक आणि परवाना क्रमांक नसलेली पुडी कितीही ओळखीच्या माणसाने दिली तरी घेऊ नये.

मग झाडांकडून नवीन काही मिळण्यासारखं आहे का? आहे, आणि अगदी अलीकडचं उदाहरण आहे. सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीतून १८३५ मध्ये फ्लोरिझिन वेगळं केलं गेलं. त्याने लघवीतून साखर जाते हे १८८६ मध्ये दिसलं. ते जसंच्या तसं औषध म्हणून चाललं नाही. पोटात मोडायचं, जुलाब व्हायचे. शंभर वर्षांनी रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या रेणूत बदल करून मधुमेहाची 'ग्लिफ्लोझिन' औषधं घडवली. आणि २०१९ मध्ये ४,७४४ रुग्णांवरच्या चाचणीत त्यांतल्या डापाग्लिफ्लोझिनने हृदयाची अवस्था बिघडणं किंवा हृदयामुळे मृत्यू येणं यांचा एकत्रित धोका २६ टक्क्यांनी घटवला, मधुमेह नसलेल्यांतही. आज कमकुवत हृदयाच्या रुग्णाच्या चिठ्ठीवर ही गोळी बहुधा असतेच. सफरचंद खाऊन मात्र हा गुण येत नाही.

अ‍ॅस्पिरिनचा उगमही विलो झाडाच्या सालीतल्या द्रव्याशी जोडलेला आहे. १९८८ च्या चाचणीत झटका आल्याचा संशय असलेल्या १७,१८७ रुग्णांवर ते पाहिलं गेलं, आणि महिनाभराच्या छोट्या मात्रेने पाच आठवड्यांतले हृदय-रक्तवाहिन्यांचे मृत्यू २३ टक्क्यांनी घटले. निरोगी वृद्धांनी रोज घेतलं तर मात्र फायदा दिसत नाही, रक्तस्राव वाढतो. म्हणून छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आणि घाम अशी लक्षणं दिसली तर पहिल्यांदा १०८ ला फोन करावा. फोनवरच्या किंवा जवळच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसला, तर अ‍ॅस्पिरिन चावून घ्यावं. काढा उकळण्यात किंवा लसूण सोलण्यात वेळ घालवू नये. रक्तपुरवठा तुटल्यावर अर्ध्या तासाच्या आसपास हृदयाचा स्नायू कायमचा मरायला लागतो, म्हणून रुग्णाला स्कूटरवर मागे न बसवता रुग्णवाहिकेनेच न्यावं आणि त्याच्या चालू गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर घरी घेत असलेल्या काढ्यांचीही नावं डॉक्टरांना द्यावीत.